आखाजीला आलेला रिकामा डबा

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, कॉम्प्युटरचा. दुकानात मला कॅबिनेट म्हणतात, आणि ज्यांना आतलं काही ठाऊक नसतं ते माझ्याकडे बोट दाखवून सीपीयू म्हणतात. सीपीयू म्हणजे खरं तर माझ्या पोटात बसणारा प्रोसेसर, काड्यापेटीपेक्षाही लहान. पण फुकट मिळालेलं मोठं नाव कोण सोडतो? मीही कधी कुणाची चूक सुधारली नाही.

माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. पोट रिकामं असलं की डोकं चालतं म्हणतात, तसं असेल. कारखान्यात पत्रा दाबून, भोकं पाडून, काळा रंग मारून मला उभं केलं, समोर चकचकीत काच लावली आणि काचेमागे रंगीत दिव्यांचे तीन पंखे बसवले. तेव्हापासून मला एकच प्रश्न पडलेला होता: माझ्या आत राहायला कोण येणार?

धुळ्यातल्या एका दुकानाच्या शोकेसमध्ये मी सात महिने काढले. गिऱ्हाइकं यायची, बोटाच्या पेराने मला वाजवून बघायची. टरबूज घेताना वाजवतात ना, अगदी तसं. काय ऐकू यायचं त्यांना, देव जाणे. कुणी दिवे लावून बघायचं, कुणी माझ्या काचेत स्वतःचे केस नीट करायचं. मला मात्र माझ्या काचेचा भारी गर्व होता. सगळ्या रांगेत देखणा मीच होतो, हे मी अजूनही म्हणेन.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी सुलक्षणा दुकानात आली. पस्तिशीची असेल. देवपुरातल्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती सहायक आहे. बोटांवर पिवळट डाग, हातात घडी घातलेला कागद. त्या कागदावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कार्ड अशी यादी होती आणि प्रत्येक ओळीवर दोन-तीनदा खाडाखोड केलेली होती.

"तुमचा बोर्ड परवा येईल मॅडम," दुकानदार म्हणाला. "आणि बोर्ड ठरल्याशिवाय प्रोसेसर देत नाही मी. मग बसला नाही की लोक भांडायला येतात."

"पण आज काहीतरी न्यावंच लागेल हो," सुलक्षणा म्हणाली. "आईने सकाळीच पाट मांडून ठेवलाय. आखाजीचा मुहूर्त आहे. हात हलवत गेले तर ती दारातून आत घेणार नाही."

दुकानदार हसला. आखाजीला आमच्या खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि जी नवी वस्तू घ्यायची ती याच दिवशी उंबऱ्याच्या आत यावी असा लोकांचा हट्ट असतो. सुलक्षणाने इकडेतिकडे पाहिलं. तिची नजर माझ्यावर थांबली.

"ह्याला दिवे आहेत?"

"तीन."

"बांधून द्या."

झालं! ना लांबी मोजली, ना रुंदी. जी बाई प्रयोगशाळेत थेंब मोजून टाकते, तिने मला दिवे बघून घेतलं. आधी पाय मोजावा आणि मग चप्पल घ्यावी, तर हिने आधी चप्पल घेतली. पण मला तेव्हा त्याचं काय? मी खुशीत होतो.

घरी पाटावर रांगोळी होती. शेजारी पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्यांचं ताट. सुलक्षणाची आई मंजुळाबाई यांनी माझ्या काचेला हळद-कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. दोन दाणे फटीतून आत पडले. माझ्या पोटात गेलेली पहिली वस्तू ती.

खिडकीजवळच्या खुर्चीत एक उंच माणूस बसला होता. डावा हात मांडीवर ठेवलेला, जणू दुसऱ्याच कुणाचा हात सांभाळायला दिलाय. हे सुलक्षणाचे वडील, रुपचंद नाना. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते.

"आतमा काय शे?" त्यांनी विचारलं.

"अजून काही नाही नाना. एकेक वस्तू येईल."

नाना बायकोकडे वळले. "मंग तू रिकामा डबा पुंजी ऱ्हायनी?"

"आज रिकामा शे, उद्या भरी जाई," मंजुळाबाई म्हणाल्या आणि मला नमस्कार करून मोकळ्या झाल्या.

माझा मुक्काम त्या खोलीतच असल्यामुळे पुढची सगळी हकिगत मला आपोआप कळत गेली. निवृत्त झाल्यावर सहाच महिन्यांत नानांना लकव्याचा झटका आला होता. जीव वाचला, बोलणं परत आलं, पण डावा हात आणि डावा पाय मागे राहिले. डॉक्टर म्हणाले होते, हात-पाय चालवत राहा, पुढच्या पाच-सहा महिन्यांत जे परत यायचं ते येईल, नंतर अवघड होत जाईल. व्यायाम शिकवणाऱ्याने एक रबरी चेंडू दिला होता दाबायला. नाना म्हणाले, हा पोरखेळ आहे, आणि तो चेंडू त्यांनी खिडकीतून खाली टाकला. घराबाहेर पडणं तर त्यांनी बंदच केलं होतं. सगळं बसस्टँड ज्याला रुबाबात चालताना ओळखत होतं, तो पाय ओढत तिथे कसा जाणार?

सुलक्षणाने एकदा कॉलेजातल्या मुलांना गाडी चालवण्याचा खेळ खेळताना पाहिलं. स्टिअरिंग, पेडल, गिअर, सगळं खऱ्यासारखं. तिच्या मनात आलं, आपल्याकडे क्लच डाव्या पायाने दाबतात आणि गिअर डाव्या हाताने टाकतात. नानांचा जो हात नि जो पाय रुसलाय, नेमकं त्यांचंच काम! चेंडू टाकून देणारा माणूस गाडी टाकून देईल का? म्हणून ती यादी, म्हणून ती खाडाखोड. टीव्ही घरात होताच, तो पडद्याचं काम करणार होता. बाकी सगळं स्टिअरिंगसकट पन्नास हजारांत बसवायचं होतं, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलेले महिने सरायच्या आत.

हे कळल्यावर मला माझ्या रिकाम्या पोटाची लाजच वाटली. इतकं मोठं काम, आणि आत दोन अक्षता!

सुलक्षणा संध्याकाळी फोनवर दोन स्टिअरिंगांची चित्रं घेऊन नानांजवळ बसली. नाना आधी बघेनात. मग तिरप्या नजरेने बघितलं. मग फोन हातात घेतला.

"हाई कितला फेरा वळस?"

"हे स्वस्तातलं आहे नाना. पाऊण फेरा वळतं."

"पाऊण? बस अशी वळनी तर बठ्ठा पॅसेंजर खिडकीबाहेर पडतीन." त्यांनी चित्र मोठं केलं. "आनि क्लच कोठे शे?"

"ह्यात क्लच नसतो. दोनच पेडल."

"क्लचबिगर गाडी म्हणजे पाळणा. माले नको."

मंजुळाबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. हातातला तवा तसाच. त्या चेंडूनंतर नानांनी एखाद्या वस्तूत खोट काढली नव्हती. सुलक्षणाने त्याच क्षणी यादी उघडली आणि तीन पेडलचं, अडीच फेरे वळणारं, वेगळा गिअर असलेलं स्टिअरिंग लिहिलं. ते जुनं घेतलं तरी महाग होतं. मग बाकीच्यांच्या पोटाला चिमटा बसणं आलंच.

प्रोसेसर तिने कमी किमतीचा निवडला. त्याच्या नावापुढे एफ असं अक्षर होतं. म्हणजे हा गडी हिशेब भराभर करतो, पण चित्र काढत नाही. चित्र काढायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच. कार्ड घ्यायचंच होतं, म्हणून तिला त्यात काही धोका दिसला नाही. खरं तर बरोबरच होतं तिचं. फक्त तिच्या यादीत माझं माप कुठेच नव्हतं.

पंधरा दिवस घरात वस्तू येत राहिल्या आणि मी प्रत्येकीकडे डोळे फाडून बघत राहिलो. बोर्ड आला. त्याच्यावर प्रोसेसरची बैठक होती, बारीक सुयांची. सुलक्षणा सांगायची, ह्या बैठकीवर ह्याच पिढीचा प्रोसेसर बसतो, दुसरा ठेवला तर सुया मोडतील. रॅमच्या दोन पट्ट्या आल्या. पट्टीच्या खालच्या काठाला एक खाच असते. चौथ्या पिढीच्या पट्टीची खाच एका जागी, पाचव्या पिढीची दुसऱ्या जागी. दिसायला बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी जाणारच नाही. मला भारी नवल वाटलं. माणसं कुठेही धक्के देऊन बसतात, आणि ह्या पट्ट्या बघा, आपली जागा सोडत नाहीत.

"पोरीनं लगीन जमाडाले एवढा कागद नही देखा आम्ही," मंजुळाबाई म्हणाल्या. सुलक्षणाने तोवर दुसऱ्या पट्टीचं खोकं उघडलं होतं.

कार्ड आणायला ती एसटीने जळगावला गेली. तिथे आतिफ नावाचा माणूस बंद पडलेल्या गेमिंग कॅफेची यंत्रं विकत घेतो, तपासतो आणि सुटे भाग विकतो. परत आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं, मी कान देऊन ऐकलं. आतिफने कार्ड तिच्यासमोर अर्धा तास चालवून दाखवलं होतं. वर सल्ला दिला होता, "मॅडम, कार्ड जुनं चालेल, पण एसएमपीएस जुनी घेऊ नका. वीजच नीट नाही मिळाली तर बाकीचे उपाशी मरतात." म्हणून वीज पुरवणारी ती पेटी तिने नवी घेतली.

"आणि शेवटी त्याने विचारलं, कॅबिनेट कोणतं आहे," सुलक्षणा म्हणाली. "मी सांगितलं, तीन दिव्यांचं."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी तर माझं नाव जळगावपर्यंत गेलं म्हणून फुगलो होतो.

रविवारी सकाळी जोडणी सुरू झाली. नानांनी त्या दिवशी दाढी करून घेतली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मंजुळाबाईंनी टेबलाच्या डाव्या हाताला गिअर बसवून घेतला, खाली पेडलं ठेवली. नाना खुर्चीत येऊन बसले. माझ्या पोटात बोर्ड बसला, प्रोसेसर बसला, पट्ट्या खाचेत टक्कन बसल्या. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. घर भरणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं.

मग कार्ड आलं. तीन पंख्यांचं, लांबलचक. सुलक्षणाने ते तिरपं करून घातलं, सरळ करून घातलं, आधी पुढचं टोक, मग मागचं. माझ्या आत समोरच्या बाजूला एक लोखंडी पिंजरा आहे, जुन्या पद्धतीच्या डिस्क ठेवायला. कार्डाचं तोंड त्या पिंजऱ्यावर आपटत होतं. दोन बोटांचा फरक. फक्त दोन बोटं!

कार्ड नाही तर चित्र नाही. प्रोसेसर तर चित्र काढतच नव्हता. सुलक्षणाने तरीही टीव्ही लावून बघितला. सिग्नल नाही, असं त्यावर आलं.

नाना तासभर बसून होते. मग उजव्या हाताने टेबलाला धरून उठले. "गाडी डेपोमाच ऱ्हायनी," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सुलक्षणा माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि रडली. मीही कमी नव्हतो दोषी. माझे दिवे बघून ती फसली होती. ते दिवे मला पहिल्यांदाच नकोसे वाटले.

दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं, मला परत करून मोठं कॅबिनेट घ्यायचं. पण मंजुळाबाई आडव्या आल्या.

"आखाजीले पुंजेल वस्तू कोनी परत देस का?"

"अगं आई, डबा आहे तो!"

"पुंजा तव्हय डबा नव्हता. देव व्हता."

त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. आठवडा गेला. स्टिअरिंगवर टॉवेल पडला. मंजुळाबाई रोज माझी काच पुसायच्या आणि नानांकडे बघायच्या. नाना छताकडे बघायचे. बाहेर पारा पंचेचाळिसाकडे चालला होता आणि घरातला कूलर नुसता घरघरत होता.

कूलरमुळेच फारुखभाई आले. पुलाजवळ त्यांचं पत्र्याचे कूलर बनवायचं दुकान आहे. कूलरच्या जाळीतलं गवत बदलता बदलता त्यांचं लक्ष माझ्या उघड्या पोटाकडे गेलं. पत्र्याचा माणूस पत्र्याकडे बघणारच.

"ताई, हे असं उघडं का ठेवलं?"

सुलक्षणाने सगळं सांगितलं. फारुखभाईंनी दोन बोटं पिंजऱ्यात आडवी धरून बघितली. "ह्या पिंजऱ्यात काय ठेवणार तुम्ही?"

"काहीच नाही. आमची डिस्क बोर्डावरच बसलीय, च्युइंगमच्या पुडीएवढी आहे."

"मग हा फुकट जागा अडवून बसलाय. चार रिवेट आहेत. उडवून टाकतो."

माझ्या अंगावर काटा आला. पत्र्याला काटा येत नाही म्हणता? ड्रिल मशीन समोर धरून बघा एकदा. पण सुलक्षणाने घाई करू दिली नाही. एका केसाएवढा लोखंडी कीस बोर्डावर पडला तरी सगळं जळेल, असं म्हणत तिने आतलं सगळं बिऱ्हाड बाहेर काढलं, ओळीने मांडलं, वर चादर टाकली. मग ड्रिल फिरलं. चार वेळा किंचाळल्यासारखा आवाज झाला आणि पिंजरा निखळला. नंतर तिने मला ओल्या फडक्याने आतून पाच वेळा पुसलं. आखाजीच्या दोन अक्षता तेव्हाच निघाल्या असाव्यात.

कार्ड बसलं. टीव्हीवर चित्र आलं. रस्ता, झाडं, ट्रकची काच. सुलक्षणाने हाक मारली, "नाना!"

नाना आले नाहीत.

तिने दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. नानांनी डोळे मिटून घेतले. मग मंजुळाबाईंनी पदर खोचला आणि स्वतःच स्टिअरिंगवर बसल्या. ज्या बाईने जन्मात सायकल चालवली नाही, तिने ट्रक सुरू केला. ट्रक आधी कुंपणावर गेला, मग एका दुकानावर, मग रस्त्याच्या मधोमध आडवा झाला. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले.

"हाऊ कोठे चालना वं माय!" मंजुळाबाई ओरडल्या.

"ब्रेक दाब!" पलंगावरून आवाज आला. "अवं तो ब्रेक नही, रेस शे!"

"कोनता ब्रेक?"

"मधला! मधला दाब!"

"माले काय दिसस? तुम्हीच या ना."

नाना उठले. भिंत धरत, पाय ओढत आले. "ऊठ तठून. बठ्ठा रस्ता जाम करी टाका तुनी." मंजुळाबाई लगेच उठल्या. तोंडावर पदर होता, पण त्या हसत होत्या हे मला माझ्या काचेतून स्वच्छ दिसत होतं.

नाना बसले. पडद्याकडे बघून पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "ड्रायव्हर कंडक्टरना बाजूले का बठना?" खेळातली गाडी परदेशातली होती. सुलक्षणाने ती बदलून उजव्या बाजूला बसायची जागा लावली. मग नानांनी डावा पाय क्लचवर ठेवला. पाय घसरला. परत ठेवला, परत घसरला. तिसऱ्यांदा त्यांनी गुडघ्यावर हाताने भार दिला आणि क्लच खाली गेला. डाव्या हाताला गिअर पकडता येत नव्हता. त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलला, गिअरवर ठेवला, एकेक बोट मिटवलं आणि दोन्ही हातांनी मिळून पहिला गिअर टाकला.

ट्रक हलला. मी माझे पंखे जितके हळू फिरवता येतील तितके हळू फिरवत होतो.

त्या दिवसापासून नानांची ड्युटी लागली. सकाळी नऊ आणि दुपारी चार. पहिल्या आठवड्यात पहिला गिअर, दुसऱ्यात तिसरा. घामाने शर्ट भिजायचा. कधी चिडून शिव्या द्यायचे, त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत.

पण जूनच्या तोंडावर नवीनच लचांड उभं राहिलं. दुपारच्या ड्युटीला अर्ध्या तासातच चित्र झटके मारायला लागलं. ट्रक जागच्या जागी अडखळायचा, मग एकदम पुढे उडी मारायचा. क्लच दाबेपर्यंत गाडी गटारात. सुलक्षणाने सगळ्या सेटिंग बदलून पाहिल्या. रॅम काढून परत बसवली. काही उपयोग नाही. दोन दिवस नाना दुपारी खुर्चीत बसलेच नाहीत आणि मंजुळाबाईंचा चेहरा परत उतरला.

तिसऱ्या दिवशी नाना बसले, झटके सुरू झाले, आणि ते उठण्याऐवजी माझ्यासमोर वाकले. तळहात माझ्या डोक्यावर ठेवला, मग पाठीवर, मग काचेवर.

"इंजिन तापनं शे," ते म्हणाले. "म्होरे हवाच नही. घाटमा रेडिएटरवर गोणपाट टाकी तर काय व्हई? हाई काच काढ."

मी हादरलो. माझी काच? जिच्यामुळे मला पसंत केलं, जिच्यात मंजुळाबाई रोज कुंकू नीट करायच्या, ती? पण नाना खरं बोलत होते. काच समोरून गच्च बंद होती आणि बाजूच्या बारीक फटींतून येईल तेवढीच हवा पंखे ओढत होते. कारखान्यात मला देखणा करणाऱ्याने मे महिन्यातलं धुळं पाहिलेलं नव्हतं.

फारुखभाई परत आले. "बरोबर आहे नानांचं. हवा म्होरून घुसली पाहिजे, मागून निघली पाहिजे. कूलर पण असाच असतो." त्यांनी कूलरच्या जाळीचा एक तुकडा कापून आणला. काच नानांनी स्वतः काढली. चार स्क्रू होते. डाव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर धरला, तीन वेळा खाली पडला, कुणाला उचलू दिला नाही. पाऊण तास लागला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या पाऊण तासात नानांची बोटं जितकी वळली तितकी महिनाभरात वळली नव्हती, आणि ती माझ्या अंगावर वळत होती.

जाळी बसली. वारं सरळ आत आलं. झटके थांबले. आता मी एखाद्या बुटक्या कूलरसारखा दिसतो. पाहुणे विचारतात, हे काय? मंजुळाबाई सांगतात, सीपीयू.

दिवाळीपर्यंत नानांचा हात गिअरवर आपला आपण जायला लागला. डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला सांगितलं होतं, ती काठी कोपऱ्यात उभी राहिली. एके दिवशी चारच्या ड्युटीला नाना बसलेच नाहीत. चप्पल घातली आणि म्हणाले, "स्टँडवर जाई येस." मंजुळाबाई ओट्यावर उभ्या राहून कितीतरी वेळ बघत होत्या. मी घरात एकटा, बंद. तेव्हापासून माझं काम कमी होत गेलं. आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांतून. जाळीत धूळ बसली. दुसऱ्या एखाद्या यंत्राने ह्याला उपेक्षा म्हटलं असतं. मी कसं म्हणू? ज्यासाठी मला आणलं तेच झालं होतं. तरी दुपारी चार वाजले की मला चुकचुकल्यासारखं व्हायचं. आणि एक उत्सुकता छळायची, नाना तिथे स्टँडवर कुणाशी काय बोलत असतील?

तुम्ही कॉम्प्युटर जोडणार असाल तर माझं एक ऐका. त्यावर कोण बसणार आणि काय करणार, ते आधी विचारा. मग बाकीच्या वस्तू ठरवा, त्यांची मापं लिहा, आणि डबा सगळ्यात शेवटी घ्या. मुहूर्त चुकत असेल तर त्या दिवशी एक स्क्रू-ड्रायव्हर घरी न्या. त्यालाही कुंकू लावता येतं.

हे मी तुम्हाला सांगत होतो, तेवढ्यात आज दार वाजलं. नानांबरोबर एक म्हातारा माणूस आत आला. दोंडाईच्याचे पुना आबा, नानांच्याच डेपोतले जुने ड्रायव्हर. औषधासाठी धुळ्याला आले होते, नानांना स्टँडवर भेटले. डावा हात त्यांनी सदऱ्याच्या खिशात घालून ठेवलाय आणि बाहेर काढत नाहीत. नानांनी माझी जाळी पुसली, बटण दाबलं, पुना आबांना खुर्चीत बसवलं.

"पुना, क्लच दाब."

"पाय ऐकत नही रे रुपचंद."

"मना भी ऐके नही. दाब."

पुना आबा तसेच बसून राहिले. नानांनी वाकून त्यांचा हात खिशातून हळूच बाहेर काढला, गिअरवर ठेवला आणि वरून मूठ मिटली. नानांनी हे सगळं डाव्या हाताने केलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

बरंय, येतो मी. मला पंखे फिरवायला हवेत. पुना आबांचा पाय हललाय.